वाचक विचारतात : रात्रीचं नाटक आणि बदलापूरची लोकल

प्रश्न : ताई, मी बदलापूरला राहते, वय ५९. शाळेतल्या नोकरीतून नुकतीच निवृत्त झाले. नाटकाचं वेड पहिल्यापासूनचं, पण आत्ता कुठे सवड मिळाली. माझ्या दोन मैत्रिणी दादरला राहतात आणि त्या नेहमी शिवाजी मंदिरचा रात्री आठचाच प्रयोग ठरवतात. नाटक सुटेपर्यंत पावणेअकरा होतात. त्या गप्पा मारत चालत घरी जातात, मी स्टेशनकडे पळते. दुसऱ्या अंकात माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं. बदलापूरला उतरलं की रिक्षावाले एकट्या बाईमाणसाला नाही म्हणतात, नाहीतर तोंडाला येईल ते भाडं सांगतात. यजमानांना नाटकाची आवड नाही. ते जागत बसतात आणि मग चिडतात. मुलगा म्हणतो, ‘आई, कॅब करत जा, नाहीतर घरी बसून मोबाइलवर बघ.’ नाटकं सोडून देऊ का? आणि शेवटाआधी उठून निघालं तर चालेल का?
– एक वाचक, बदलापूर

उत्तर : नाटकं अजिबात सोडू नका. सोडायचाच तर रात्री आठचा प्रयोग सोडा, आणि तोही कायमचा नाही.

मी अंबरनाथची, म्हणजे तुमच्याच लाइनीवरची, एक स्टेशन अलीकडची. फोर्टातल्या बँकेत नोकरी केली आणि ऑफिस सुटलं की परस्पर नाटकाला जायचे. त्यामुळे तुमची ती पळापळ मला चांगली ठाऊक आहे. आपल्याकडच्या लोकांची गंमत अशी, की दादरहून कल्याणपर्यंत रात्री साडेअकरालाही गाडी मिळते. घोळ होतो तो कल्याणच्या पुढे. तिथे लाइन फुटते. बऱ्याच गाड्या कल्याणलाच संपतात, काही टिटवाळा, आसनगाव, कसाऱ्याकडे वळतात आणि आपल्या कर्जत बाजूला रात्री दोन गाड्यांमध्ये लांबलचक खंड पडतो. दादरला धापा टाकत जी समोर येईल ती पकडली, की कल्याणच्या बाकावर बसून डास मारायचे. तेव्हा घरून निघतानाच परतीच्या दोन गाड्या चिठ्ठीवर लिहून घ्या : हवी ती, आणि ती चुकली तर पुढची. इंडिकेटरवर कर्जतला ‘एस’ असतं आणि कसाऱ्याला ‘एन’, हे पळतानाही दिसतं. अंबरनाथ लोकल मात्र धरू नका. मला ती दारात सोडते, तुम्हाला एक स्टेशन आधी उतरवून मोकळी होते.

नाटकाच्या जाहिरातीत एक गोष्ट कधीच नसते : प्रयोग किती वाजता सुटणार. नट, दिग्दर्शक, कितवा प्रयोग, सगळं छापतात, पण लोकल पकडणाऱ्या प्रेक्षकाला जे कळायला हवं तेवढंच नेमकं नाही. मी तिकीट खिडकीवर सरळ विचारते, ‘सुटतं कधी?’ तिथली माणसं बरोबर सांगतात, त्यांनाही घरी जायचं असतं. पूर्वी संगीत नाटकं पहाटेपर्यंत चालत, म्हणजे परतायचा प्रश्नच नव्हता, सुटेपर्यंत उजाडलेलं असे! आजही गणेशोत्सवात आणि ३१ डिसेंबरला रेल्वे मध्यरात्रीनंतर जादा लोकल सोडते. नाटकवेड्यांसाठी एखादी सोडा म्हणायला आपली संघटना नाही, एवढंच.

दुपारचे प्रयोग बघा. साडेतीन-चारला पडदा वर गेला तर साडेसहाला तुम्ही बाहेर. फुलबाजारातून गजरा घेऊन, चहा पिऊन निघालात तरी नऊच्या आत घरी. रविवारी मात्र मेगाब्लॉक लक्षात ठेवा. मुख्य मार्गावर तो बहुधा माटुंगा-मुलुंडदरम्यान साधारण अकरा ते चार असतो, म्हणजे नेमका तुमच्या जायच्या वेळेला. शनिवारच्या पेपरात कुठली लाइन बंद ते येतं. ब्लॉक असेल तर बाराच्या सुमाराला निघा, डबा दादरला खा. मला विचाराल तर शनिवार दुपार सगळ्यात उत्तम, पण प्रयोग कमी असतात.

दुसरं, नाट्यगृह निवडताना गावाचं नाव बघू नका, स्टेशनपासून किती चालायचं ते बघा. ठाण्याचं घाणेकर नाट्यगृह दादरपेक्षा तुम्हाला जवळ वाटेल, पण स्टेशनपासून तिथे बस नाहीतर रिक्षा आली, आणि रात्री परत तेच. शिवाजी मंदिर दादर स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर आहे. तुमच्या मैत्रिणींनी निदान एवढं तरी बरं केलंय. आणि कल्याणचं अत्रे रंगमंदिर विसरू नका. दादरला गाजलेली नाटकं बरीचशी तिथे येतात. कल्याण ते बदलापूर चौदा किलोमीटर, चार स्टेशनं. नाटक तिथे येईपर्यंत थोडं थांबायची तयारी हवी.

रात्रीचा प्रयोग बघायचाच असेल, आणि अधूनमधून बघावाच, दुपारच्या प्रेक्षागृहाला रात्रीची रंगत नाही, तर आधी रिक्षाची सोय करा, मग तिकीट काढा. तुमच्या भागातला, ओळखीतला एक रिक्षावाला धरा. मी आमच्या दूधवाल्याच्या भाच्याला धरलं होतं. रात्रीचं भाडं आधीच ठरलेलं, घासाघीस नाही. कल्याण सुटलं की फोन, आणि तो जिन्याखाली हजर. स्टँडवरच्या रांगेशी हुज्जत घालण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. लोकलमध्ये ज्या लेडीज डब्यात पोलीस असेल त्यातच बसा. १३९ आणि १५१२ हे रेल्वेचे मदतीचे नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवा.

शेवटाआधी उठायचं? मला पटत नाही. अडीच तास ज्याच्यासाठी बसलो तेच सोडून जायचं, आणि शेजारच्यांच्या गुडघ्यांवरून, अंधारात! कडेची खुर्ची मागून घ्या आणि पडदा पडला की नमस्काराला न थांबता निघा. नटांना कळतं, त्यांच्यातलेही कितीतरी लोकलनेच फिरलेले असतात.

मुलाला सांगा, दादर-बदलापूर साठ किलोमीटरच्या घरात आहे. कॅबच्या एका फेरीत तुझ्या आईची बरीच नाटकं होतील. यजमानांना कल्याणला पोचलात की एक मेसेज टाका. माणूस वाट बघून चिडत नाही, कुठवर आली ते न कळल्याने चिडतो.

राहिल्या मैत्रिणी. त्यांना स्पष्ट सांगा, एक प्रयोग तुमच्या सोयीचा, एक माझ्या. तरीही आठचाच हट्ट धरला, तर त्या रात्री त्यांच्याकडे अंथरूण टाकायला लावा आणि सकाळी त्यांच्याच हातचे पोहे खाऊन निघा. दोनदा असं झालं की साडेतीनचं तिकीट त्याच काढून आणतील.