उन्हाळ्यापासून पडून असलेली चेनसॉ चालू होत नाही: काय तपासावे?

प्रश्न (अंबड तालुका, जि. जालना): मोसंबीच्या आंब्या बहाराचा (हिवाळ्याअखेरच्या फुलांचा) माल उतरला. आता बागेतली सल (वाळलेल्या फांद्या) काढायची आहे. चेनसॉ मृगाआधी बाभूळ तोडायला वापरली होती, तेव्हापासून ती पत्र्याच्या शेडमध्येच आहे. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, तरी मशीन एकदाही फटकत नाही. मेकॅनिक म्हणतो, कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) बदला. बदलावा का?

उत्तर: इतक्यात बदलू नका. पडून राहिलेल्या मशीनमध्ये बहुतेक वेळा दोष पेट्रोलचा असतो. आपल्याकडे पत्र्याखाली केवढं तापतं ते तुम्ही जाणताच. त्या उष्णतेने पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे राहिलेला चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून थोडा वेळ ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला किंवा रंगाच्या डब्यासारखा उग्र वास आला, तर ते पुन्हा वापरू नका. विहिरीजवळ किंवा बांधावरही ओतू नका.

टाकीत एक रबरी नळी असते आणि तिच्या टोकाला फिल्टर. वाकवलेल्या तारेने तो बाहेर ओढा. काळा पडला असेल तर बदला, फार पैसे लागत नाहीत. नळी कडक झाली असेल किंवा तिला चीर गेली असेल, तर ती पेट्रोलऐवजी हवा ओढते. ही चीर पटकन दिसत नाही, म्हणून नळी बोटांत वाकवून बघा. एअर फिल्टरमधला भुसाही झटका.

आता ताजं मिश्रण करा. पुस्तिकेत 1:50 लिहिलं असेल तर एक लिटर पेट्रोलला 20 मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल, 1:25 असेल तर 40 मिली. मोटारसायकलचं नुसतं पेट्रोल कधीही टाकू नका. ऑइलविना पिस्टन घासला जातो आणि मग खरोखरच मोठा खर्च येतो. दोरी नेहमीपेक्षा फारच हलकी ओढली जात असेल, तर पिस्टन मेकॅनिककडूनच तपासून घ्या.

स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा भाग) काढून बघा. ओला असेल तर मशीनमध्ये पेट्रोल जास्त झालंय. स्विच बंद ठेवून, प्लग न लावता, दोरी सात-आठ वेळा ओढा आणि प्लग पुसून बसवा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल वर येत नाही. अशा वेळी प्लगच्या छिद्रात ताज्या मिश्रणाचे चार-पाच थेंब सोडा, सांडलेलं पुसा, प्लग घट्ट करा आणि दोरी ओढा. मशीन दोन-तीन सेकंद चालून बंद पडली तर करंट ठीक आहे, अडचण कार्बोरेटरमध्ये आहे. तेव्हासुद्धा आधी तो साफ करून आतला रबरी पडदा बदलायला सांगा. त्याचं किट वेगळं मिळतं. अख्खा कार्बोरेटर घ्यायची वेळ क्वचितच येते.

चालू करताना मशीन जमिनीवर ठेवा, चेनब्रेक (साखळी थांबवणारा ब्रेक) लावा आणि मागच्या मुठीत पाय रोवा. हातात लोंबकळती धरून दोरी ओढणं फार धोक्याचं आहे, कृपा करून तसं करू नका. चोक (हवा कमी करणारी कळ) लावून ओढा. पहिला 'फट' आवाज आला की चोक अर्धा करा. बरेच जण इथेच चुकतात. पूर्ण चोकवर ओढत राहिलं की प्लग पुन्हा ओला होतो.

सल काढल्यावर मोठ्या कापांना बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. बांधावरचं उभं झाड तोडण्याआधी मात्र परवानगी लागते का, ते विचारून घ्या.

काम संपलं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. उरलेलं मिश्रण महिन्याच्या आत वापरा.