आजोबांच्या तबकड्या, वडिलांच्या एलपी, आईच्या कॅसेटी

प्रश्न : घरात आजोबांच्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकड्या (बहुतेक नाट्यपदं), वडिलांच्या ख्यालाच्या एलपी (हळू फिरणाऱ्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्या) आणि आईच्या कानबाईच्या (खानदेशातल्या देवीच्या) गाण्यांच्या कॅसेटी आहेत. तीन वेगांचा रेकॉर्ड प्लेअर घेतला. एलपी छान वाजतात, ७८वर मात्र नुसती खरखर. तबकड्या गेल्या का? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : आधी सुई बघा. वेग बदलला तरी सुई एलपीचीच राहिली असणार. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), ७८ला लागते ६५ ते ७५. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी, साचलेल्या धुळीतून घासत जाते. तीच ती खरखर. बऱ्याच कार्ट्रिजना (सुई ज्यात बसते तो छोटा भाग) ७८ची सुई वेगळी मिळते, जुनी ओढून काढायची आणि नवी सरकवायची. सुईचा तबकडीवरचा भार एलपीला दीड-दोन ग्रॅम, ७८ला तीन ते पाच, पण कार्ट्रिजसोबतच्या कागदावरची मर्यादा ओलांडू नका. ७८ची सुई एलपीवर चुकूनही टेकवू नका, खाच कायमची बिघडते. ॲम्प्लिफायरला ‘मोनो’चं बटण असेल तर ७८साठी ते दाबा, खरखर आणखी उतरेल.

या तबकड्या लाखेच्या. स्पिरिटने पुसल्या तर लाख विरघळते. कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, मऊ कापड त्यात भिजवून घट्ट पिळा आणि खाचेच्या दिशेने गोल फिरवा. लेबल कोरडं ठेवा.

सुई बदलूनही गायकाचा आवाज जाड, ओढल्यासारखा वाटला तर वेग तपासा. तबकडी ७८ऐवजी ७४ फेऱ्यांनी फिरली की स्वर जवळजवळ अर्धा उतरतो, काळी एकमधला गायक (हार्मोनियमच्या पट्ट्यांवरचे हे सूर) पांढरी एकमध्ये गातोय असं वाटतं. सूर ताडून बघायला हार्मोनियम शेजारी घेऊन बसा. अगदी सुरुवातीच्या तबकड्या मुळातच नेमक्या ७८वर घेतलेल्या नसत, त्यांचा वेग थोडा मागेपुढे करावाच लागतो.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, एलपीच्या एका बाजूला वीसेक. एकच राग आधी ७८वर आणि मग एलपीवर ऐका. पहिल्यात आलापाला जागाच नाही, मुखडा येतो आणि लगेच ताना सुरू. ती घाई गायकाची नव्हे, तबकडीची.

उन्हाळ्याचं म्हणाल तर आपल्याकडचे ४५ अंश एलपीला वाकवतात. पत्र्याखाली किंवा माळ्यावर ठेवू नका, आडव्या रचू नका, उभ्या लावा. कूलरच्या झोतातही नकोत. ओल धरून कव्हरांना बुरशी येते.

प्रश्न : आणि कॅसेटी? आवाज दबलेला येतो.

उत्तर : कॅसेटच्या तोंडाशी, टेपमागे फेल्टची इवलीशी गादी असते. ती गळून पडली की टेप हेडला (प्लेअरमधला, टेपवरचा आवाज उचलणारा भाग) नीट टेकत नाही. दुसऱ्या कॅसेटचे स्क्रू काढून दोन्ही रिळं तिच्या खोक्यात बसवा. गादी शाबूत असेल तर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तरीही दबलेलाच आला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवत राहा. झांज खणखणीत वाजली की थांबा.