तिच्या वाक्यातला 'च'

"लॅबमध्ये असले की वाटतं, मोर्चात असायला हवं होतं. मोर्चात गेले की अर्धवट प्रयोग आठवतो. दोन्हीकडे मी चोर."

नाशिकमधल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे गाऱ्हाणं मी कितीतरी मुलामुलींकडून ऐकलंय. ही (ओळख बदलली आहे) पेठ तालुक्यातली, रसायनशास्त्रात पीएचडी करणारी. आईवडील दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत मजुरीला. सुट्टीत ती शेतमजूर संघटनेत.

आधी मी चुकलेच. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांचा दाखला दिला: १९२० मध्ये ताऱ्यांचा वर्णपट उलगडणारं समीकरण, १९५२ मध्ये खासदार. ती म्हणाली, "मॅडम, ते साहा होते. माझा प्रोग्रेस रिपोर्टसुद्धा राहिलाय." थोरांचे दाखले अशा वेळी ओझंच वाढवतात. इतक्या वर्षांनी मला हे कळायला हवं होतं.

पुढच्या खेपेला विचारलं, "संघटनेत करतेस काय?"

"काही नाही. घोषणा देते, सतरंज्या उचलते."

"आणि बायका तुला काय विचारतात?"

मग हळूहळू निघालं. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या काडीला, डोळे फुटावेत म्हणून, पेस्ट लावतात, तिच्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. पेस्ट लावून आलेल्या गड्याने संध्याकाळी दारू घेतली की चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या. बायका म्हणायच्या, दारूच खराब होती. हिने समजावलं, की दारू पचवणारं एक एन्झाइम हे रसायन अडवतं. हातमोजे मालकाकडे मागायचे, तेही सगळ्यांनी मिळून.

"मग 'काही नाही' कसं?"

ती पाण्याचा ग्लास टेबलावर फिरवत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पण पूर्णवेळ झालं तरच ते खरं काम ना?"

मी याचीच वाट बघत होते. कागदावर 'तरच' लिहिलं, पेन तिच्या हातात दिलं. तिने 'च' खोडला, आणि हसली. माणसाला घटना छळत नाही, त्याचा हट्ट छळतो, या विचारावर माझं सगळं काम उभं आहे. तो हट्ट मराठीत बहुधा याच अक्षरात सापडतो.

अशा मुलांना सांगते, संघटनेला उरलेले तास देऊ नका, तुम्हालाच जमेल असं एक काम घ्या. गाइडपासून लपवू नका. फेलोशिपचे, नोकरीचे नियम आधी वाचा. सरकारी नोकरीत पक्षाचं काम चालत नाही. टोचणी पूर्ण जात नाही, आणि जायची गरजही नाही.

परवा तिने पत्रकाचा मजकूर पाठवला, मोठ्या अक्षरांत. खाली प्रश्न: "मॅडम, 'पेस्टच्या आदल्या दिवसापासून पुढे काही दिवस दारू पिऊ नका' लिहू, की 'पिऊच नका'?"

म्हटलं, इथे 'च' ठेव.