सट्टा, साटंलोटं आणि साठेखत: तुमचे प्रश्न

'सट्टा हा शब्द सत्तेवरून आला, राजेलोक द्यूतात राज्य लावायचे ना, म्हणून' हा मेसेज मला इतक्या जणांनी पाठवलाय की शेवटी सगळ्यांचे प्रश्न एकत्र घेतेय.

प्रश्न: मग सत्तेवरून नाही, तर कुठून आला?

सत्तेशी काही संबंध नाही. सत्ता संस्कृत, 'असणे' यावरून आलेला. सट्टा प्राकृताकडचा, आणि मूळ अर्थ अदलाबदल, देवघेव. घरातच बघा ना, आपलं 'साटंलोटं' याच कुळातलं, पूर्वी एका घरची मुलगी दुसऱ्या घरी आणि त्या घरची या घरी दिली की साटंलोटं म्हणायचे, आता पुढाऱ्यांचं आतून जमलेलं असलं की म्हणतात. गुजरातीत साटुं म्हणजे अदलाबदल. म्हणजे आधी देवघेव, मग देवघेवीचा करार, मग पुढच्या तारखेच्या मालाचा आजच ठरवलेला भाव, आणि शेवटी माल बाजूला राहिला आणि नुसत्या भावावर पैसे लागायला लागले. जुगार हा अर्थ सगळ्यात शेवटी आलाय. तरी माझ्या एका परिच्छेदावर जाऊ नका, कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश आणि दाते-कर्व्यांचा शब्दकोश दोन्ही उघडून बघा.

प्रश्न: यूपीतल्या आमच्या व्याह्यांनी 'इस साल हमारा सट्टा बढ़ गया' म्हणून सांगितलं, घरात सगळे हादरलेत. मुलगी दिलीय हो तिथे.

अहो, ते ऊस लावतात ना? तिकडे शेतकऱ्याने कारखान्याला किती ऊस घालायचा त्या ठरलेल्या आकड्याला सट्टा म्हणतात. सरकारचं दरवर्षीचं धोरणच 'गन्ना सट्टा एवं आपूर्ति नीति' या नावाने निघतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत 'बेसिक कोटा' आणि शेजारी 'सट्टा' लिहिलंय, दोन्ही क्विंटलमध्ये. सट्टा वाढला म्हणजे जास्त ऊस जाणार, पेढे मागा त्यांच्याकडे. आणि असं काही वाटलं की चार दिवस कुढत बसण्यापेक्षा सरळ फोन करून विचारत जा.

प्रश्न: नागपूरला सट्टापट्टी म्हणतात ते आणि कोल्हापूरचा मटका वेगळा का?

खेळ आकड्यांचाच, नाव वेगळं. विदर्भात सट्टापट्टी म्हटलं की आकडे लिहून घेणारा डोळ्यांपुढे येतो, मुंबईत सट्टा म्हटलं की क्रिकेट नाहीतर शेअर बाजार, आणि दिल्लीकडे पुन्हा आकडेच. मटका मुंबईचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होते भाव तारेने इकडे यायचे, त्यावर लोक आकडा लावायचे, 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथूनच चिकटलेत. १९६१ च्या सुमाराला ते भाव यायचे थांबले, मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतःचा खेळ सुरू केला. विदर्भात अजून 'वरली मटका' म्हणतात, वरळी न पाहिलेली माणसंसुद्धा.

प्रश्न: मटका म्हणजे माठच ना?

हो. त्यातून चिठ्ठ्या काढायचे.

प्रश्न: साठेखत हे कुणा साठ्यांच्या नावावरून आहे का? प्लॉटचं साठेखत सहा वर्षांपूर्वी झालंय, विकणारा म्हणतो एवढं पुरे.

साठ्यांचा संबंध नाही. मूळ शब्द साटेखत, गुजरातीत साटाखत, म्हणजे सट्ट्याचाच सख्खा भाऊ. आपल्याकडे ट चा ठ झाला. साटं म्हणजे ठराव, खत म्हणजे कागद, विकायचं ठरल्याचा कागद, विकल्याचा नव्हे! १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ तेच सांगतं, नुसत्या अशा कराराने मालकी येत नाही, खरेदीखत लागतं. सहा वर्षं कशाची वाट बघताय? दावा लावायला मुदत असते, ती तीन वर्षं कुठून मोजायची ते कागद वाचल्याशिवाय कळत नाही. याच आठवड्यात मूळ कागद घेऊन वकिलाकडे जा, विकणाऱ्याने सुचवलेल्या नको, तुमच्या स्वतःच्या.

प्रश्न: भाचा म्हणतो, मी सट्टा खेळत नाही, मी ॲपवर 'प्रेडिक्शन' करतो. शब्द वेगळा म्हणजे गोष्ट वेगळी ना? दोन वर्षं चाललंय, कर्जही झालंय.

याच्यावर मी गप्प बसू शकत नाही. शब्द बदलणं हाच धंदा आहे त्यांचा. फँटसी, ओपिनियन, प्रेडिक्शन, स्किल गेम, सट्टा हा शब्द तेवढा कुठे लिहिणार नाहीत कारण तो वाचला की आई-बाप ओरडतात, आणि 'गेम' म्हटलं की कुणी ओरडत नाही. हरलेल्या पैशाला पैसे म्हणत नाहीत, कॉइन म्हणतात, पॉइंट म्हणतात, पहिले काही 'बोनस' म्हणून फुकट देतात, म्हणजे पोराला वाटतं आपलं काहीच गेलं नाही. माझी ओळख एकच, निकाल आपल्या हातात नाही आणि निकालावर पैसे लागलेत, तर तो सट्टा, वर काय पाटी लावलीय ते मी बघत नाही. जुन्या सट्ट्यात निदान समोरचा माणूस माहीत असायचा, दोघांत ठराव असायचा, इथे समोर कोण आहे तेच दिसत नाही. कायद्यानेही आता पाट्या बघणं सोडलंय, ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी आहे, कौशल्याचा असो की नशिबाचा. 'कौशल्य आहे' हे जाहिरातीतलं वाक्य भाच्याने पुन्हा म्हटलं तर हे त्याला दाखवा. पण दोन वर्षं आणि वर कर्ज, हे शब्दकोशाचं काम राहिलेलं नाही हो. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, लगेच जमत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, रात्रीसुद्धा चालू असतो. कर्जासाठी वकील वेगळा. आणि त्याला रागावून घराबाहेर काढू नका.

प्रश्न: बुकीकडे अडकलेले जिंकलेले पैसे कोर्टातून मिळतात का?

नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० बघा, पैजेचा करार रद्दबातल.

प्रश्न: पंजाबातलं 'वट्टा-सट्टा' म्हणजे बेटिंग का?

लग्न. आपलं साटंलोटंच ते. राजस्थानात आटा-साटा म्हणतात.

प्रश्न: जुगार आणि जुगाड एकच?

नाही. जुगार द्यूतकाराकडून आला, जुगाड हिंदीतून उसना घेतलाय.