मुलीच्या खो-खोसाठी गावची शाळा सोडावी का?

आठवीत जाणाऱ्या मुलीला खो-खोसाठी जिल्हा परिषदेच्या हायस्कुलातून काढून शहरातील निवासी शाळेत घालावे का, असे आपण विचारले आहे. घालू नये. मैदान आणि शाळा सुटल्यावर तेथे थांबणारा क्रीडाशिक्षक, ही दोन्ही गावात असतील तर शहरात वेगळे काही मिळत नाही.

माण तालुक्यातील ग्रामीण हायस्कुलात मी खो-खो खेळले. मॅट नव्हती, मुरमाच्या मैदानावर पाणी मारून, फक्की टाकून आम्हीच पाट्या आखत असू. त्या मैदानावरचा आमचा संघ तालुका आणि जिल्हा जिंकून विभागीय स्पर्धेस पात्र ठरला, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी दहावीच्या तिघींना सराव परीक्षेसाठी थांबवून घेतले. ‘खेळून कुणाचे पोट भरले आहे?’ असे ते सर्वांसमोर म्हणाले. खांबाजवळ सूर मारून गडी टिपणारी आमची सर्वांत चांगली खेळाडू त्या तिघींत होती. बारा जणींचा संघ नऊवर आला, बदलीला कोणी उरले नाही, संरक्षणाची पहिली तुकडी विस्कटली आणि आम्ही डावाने हरलो. दहावीचे पहिले पाच क्रमांक कार्यालयाबाहेर रंगवून घेणाऱ्या त्या शाळेत जिल्ह्याचा चषक मात्र खडूच्या खोक्यांमागे पडून राहिला.

त्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. आमच्याच तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर यांची सुरुवात खो-खोपासून झाली; 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या आणि पुढे राज्य शासनाने त्यांना उपजिल्हाधिकारी केले. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षणही आहे. पोट भरते, सर.

नेमबाजी किंवा जलतरण असते तर माझे मत वेगळे असते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेले नसते, तर 2024 चे पॅरिसचे कांस्यपदक कठीणच होते, कारण रायफल रेंज गावोगाव नसते. शिवाय आपल्या शाळेत क्रीडाशिक्षकाचे पद रिक्त असेल, तर माझा वरचा सल्ला सोडून द्यावा.

प्रवेशाचा निर्णय काहीही होवो, खेळाच्या तासाला गणित घेतले जाते का, हे आधी मुलीलाच विचारा, आणि स्पर्धांची प्रमाणपत्रे मूळ प्रतींसह स्वतःच्या ताब्यात ठेवा. पुढे नोकरीच्या वेळी त्यांची पडताळणी होते.