पाते चारच इंच, पण चाकू बटणाचा

प्रश्न : आम्ही इंदूरला लोकमान्यनगरात राहतो. मुलगा बावीस वर्षांचा, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. रोज पहाटे पाचला सायकलने खंडवा रोडनं सिमरोलकडे जातो. गेल्या महिन्यात मोटारसायकलवरच्या दोघांनी त्याच्या हातातला मोबाईल हिसकावला. तेव्हापासून तो सीटखालच्या पाऊचमध्ये बटणाचा चाकू ठेवतो. पाते चार इंच. मित्र सांगतात, सहा इंचांच्या आतला चालतो. हे खरं आहे का?

उत्तर : ताई, तो चाकू उद्या पहाटे सायकलवर जाता कामा नये. मित्रांनी अर्धाच नियम सांगितला आहे, आणि तुमचा मुलगा नेमका उरलेल्या अर्ध्यात अडकतो.

2016 च्या केंद्रीय शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे. मध्य प्रदेशात मात्र 22 नोव्हेंबर 1974 ची अधिसूचना लावली जाते आणि ती जास्त कडक आहे. 6 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचं धारदार शस्त्र सार्वजनिक ठिकाणी बाळगायला तिची मनाई आहे. त्याच वाक्यात पुढे स्प्रिंगचा चाकूही येतो, पाते कितीही लांबीचं असो. म्हणजे बटण दाबल्यावर पाते आपोआप बाहेर येत असेल, तर मोजपट्टी लावायचं कारणच उरत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम 25(1-ब)(ब) खाली एक ते तीन वर्षं कैद आणि दंड आहे. गुन्हा दखलपात्र, म्हणजे नाक्यावरचा पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतो. नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणी होईल तेव्हा हे प्रकरण त्याच्यासमोर उभं राहील, मला खरी धास्ती त्याची वाटते.

‘स्वसंरक्षणासाठी ठेवला होता’ हे उत्तर इथे उपयोगी पडत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मधला बचावाचा हक्क प्रत्यक्ष हल्ल्याच्या वेळचा आहे, आणि तोही गरजेपुरताच. चाकू बाळगल्याचा गुन्हा त्याने पुसला जात नाही. शिवाय तो प्रसंग डोळ्यांपुढे आणा. एक पाय सायकलच्या दांड्यापलीकडे, हातात ग्लोव्ह्ज, चाकू सीटखाली चेन लावलेल्या पाऊचमध्ये. तो काढेपर्यंत मोटारसायकल निघून गेलेली असेल. आणि ते थांबलेच, तर दोघांपुढे एकट्याच्या हातातला चाकू त्याच्यावरच उलटायला किती वेळ लागणार?

घरात फळं कापायची सुरी, पंक्चर काढायचं सामान, पान्यांचा संच, यांना कोणी शस्त्र म्हणत नाही. सुरी मात्र स्वयंपाकघरातच राहू द्या. शहरात जमावबंदीसारखा आदेश लागू असेल, तर छोट्या साध्या चाकूचीही अडचण होऊ शकते.

चाकू मित्राला देऊ नका, दुकानात परत करायलाही नेऊ नका, कारण तेवढ्यासाठीही तो रस्त्यावर आणावा लागेल. घरीच स्प्रिंग काढून निकामी करा. सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, गळ्यात शिट्टी, मोबाईल हँडलवर न लावता जर्सीच्या आतल्या खिशात, घरी लाईव्ह लोकेशन, आणि शक्यतो दोघा-तिघांची सोबत. अडचणीत 112.

तुम्ही तक्रारीचा उल्लेख केला नाही, म्हणून विचारतो : एफआयआर नोंदवली का? हिसकावून नेणं हा न्याय संहितेच्या कलम 304 खाली स्वतंत्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. ‘घटना दुसऱ्या हद्दीतली आहे’ म्हणून कोणी परत पाठवलं, तर शून्य क्रमांकावर नोंदवायला सांगा. कुठल्याही ठाण्यात ती नोंदवता येते आणि प्रत फुकट मिळते. ठाण्यात नोंदवून घेतलीच नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवा, टपालाची पावती जपून ठेवा. मोबाईलचं बिल आणि डब्यावरचा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक घेऊन उद्या सकाळीच जा, मुलाला सोबत घेऊन. एफआयआरची प्रत हातात आली की संचार साथी या सरकारी पोर्टलवर तो फोन बंद करवून घ्या.