पक्ष जिंकला पण मुख्यमंत्री स्वतःच पडले, असं भारताबाहेर कुठे झालंय का?

झालंय की! आपल्याकडे २०२१ ला पश्चिम बंगालमध्ये ममता बॅनर्जींचा पक्ष जिंकला पण त्या स्वतः नंदीग्राममध्ये पडल्या (१,९५६ मतांनी हरल्या, मग भवानीपूरच्या पोटनिवडणुकीतून आल्या), जवळपास तोच प्रकार आठ वर्षं आधी कॅनडात व्हँकुव्हर-पॉइंट ग्रे मतदारसंघात झाला होता. मी व्हँकुव्हरलाच राहतो, पीआरवर (कायम राहण्याचा परवाना, नागरिकत्व नाही) आहे त्यामुळे मत देता येत नाही, पण निवडणुकीचा नाद काही सुटत नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी थोडं बॅकग्राउंड. ब्रिटिश कोलंबिया हा प्रांत, म्हणजे आपल्या राज्यासारखा, आणि तिथल्या विधानसभेचा हा शहरी मतदारसंघ. व्हँकुव्हरच्या पार पश्चिम टोकाला, समुद्राला लागून. यात एकीकडे यूबीसी ही मोठी युनिव्हर्सिटी आणि तिथली पोरं, एकीकडे किट्सिलानोतले भाड्याने राहणारे, आणि मधे पॉइंट ग्रेचे डोळे पांढरे होतील अशा किमतीचे बंगले. हे तिन्ही गट एकाच यादीत, त्यामुळे इथला निकाल कधीच शंभर टक्के गृहीत धरता येत नाही.

आता २०११ ला या. गॉर्डन कॅम्पबेल हे व्हँकुव्हरचे माजी महापौर, १९९६ पासून इथलेच आमदार, २००१ ला त्यांच्या बीसी (ब्रिटिश कोलंबिया) लिबरल पक्षाने ७९ पैकी ७७ जागा जिंकल्या आणि ते मुख्यमंत्री झालेले. पण २०१० मध्ये एचएसटी आणला (आपल्या जीएसटीचाच भाऊ समजा), लोक इतके भडकले की राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी त्याच पक्षाच्या क्रिस्टी क्लार्क आल्या. त्या तेव्हा आमदार नव्हत्या, मार्चमध्ये शपथ घेतली आणि मे महिन्यात कॅम्पबेलच्याच रिकाम्या जागेवर पोटनिवडणूक लढवली. जिंकल्या, पण साडेपाचशेच्या आसपास मतांनी. ज्या पक्षाचा मुख्यमंत्री पंधरा वर्षं तिथून निवडून येतोय त्या जागेवर नव्या मुख्यमंत्र्यांना फक्त एवढंच लीड, धोक्याची घंटा तिथेच वाजली होती. समोर होता एनडीपीचा (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी, डावीकडे झुकणारा विरोधी पक्ष) डेव्हिड एबी, सहा फूट सात इंच उंच तरुण वकील, नागरी हक्कांच्या संस्थेचा प्रमुख.

मे २०१३ ला मुख्य निवडणूक. सगळे पोल सांगत होते की एनडीपीचं सरकार येणार. झालं भलतंच, क्लार्कचा पक्ष ८५ पैकी ४९ जागा घेऊन दणक्यात परत आला आणि क्लार्क स्वतः पॉइंट ग्रेत एबीकडून हजारेक मतांनी पडल्या. माझं मत विचाराल तर दोन्ही गोष्टींमागे एक कारण कॉमन आहे. मतदानाला तीन आठवडे राहिले असताना एनडीपीच्या नेत्याने, एड्रियन डिक्सने, किंडर मॉर्गनच्या तेलाच्या पाइपलाइनला अचानक विरोध जाहीर केला. आतल्या भागात, जिथे लाकूड, खाण, गॅसवर घरं चालतात, तिथे हे अंगाशी आलं, पण किट्सिलानोच्या बीचवर फिरणाऱ्याला तेलाची टँकर जहाजं नकोच असतात, त्याला हे आवडणारच. म्हणजे जी भूमिका प्रांतात पक्षाला घेऊन बुडाली तीच इथे उमेदवाराला तारून गेली.

मग क्लार्कचं काय झालं? राजीनामा वगैरे काही नाही. आपल्याकडे सहा महिन्यांत आमदार व्हा असं घटनेत लिहिलंय, इथे तसा लेखी नियम नाही, प्रथा आहे की लवकरात लवकर सभागृहात या. आणि २०२० ला उद्धव ठाकरे विधान परिषदेवर गेले तशी सोय इथे नाही कारण विधान परिषदच नाही. मग एकच रस्ता, आपल्याच माणसाला जागा सोडायला लावायची. वेस्टसाइड-केलोनाच्या आमदाराने जागा सोडली आणि जुलैमध्ये क्लार्क तिथून आरामात निवडून आल्या. ती जागा व्हँकुव्हरपासून गाडीने चार-पाच तासांवर, पण त्याचं इथे कोणाला फार काही वाटत नाही.

अशी अजून उदाहरणं कॅनडात आहेत, १९८५ ला क्वेबेकमध्ये रॉबर्ट बुरासा, १९८९ ला अल्बर्टात डॉन गेटी, दोघेही पक्ष जिंकला आणि स्वतः पडले, मग पोटनिवडणूक. पण पॉइंट ग्रेची मजा जास्त आहे कारण इथे हे उलटसुलट आधीपासून चालू आहे. मतदारसंघ १९३३ चा. पूर्वी इथून एकापेक्षा जास्त आमदार निवडून यायचे, १९९१ पासून एकच. १९७२ मध्ये सगळ्या प्रांतात लिबरल पक्षाचे फक्त पाच आमदार आले त्यातले दोन इथले, पॅट मॅकगीर आणि गार्ड गार्डम. पुढच्या निवडणुकीआधी दोघांनी सोशल क्रेडिट पक्षात उडी मारली, १९७५ ला लोकांनी त्याच दोघांना नव्या झेंड्याखाली परत निवडून दिलं! (पक्षांतरबंदी कायदा नाही इथे, उगाच आपल्याकडच्या लोकांना कल्पना देऊ नका.) मॅकगीर यूबीसीत मेंदूवर संशोधन करणारे प्रोफेसर होते आणि गार्डम पुढे प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले, म्हणजे राज्यपालच.

त्यांच्यानंतर १९८६ ला आल्या किम कॅम्पबेल (गॉर्डनशी नातं नाही), तेव्हा सत्तेत असलेल्या सोशल क्रेडिटच्याच. दोन वर्षांत राजीनामा देऊन त्या फेडरल राजकारणात गेल्या, १९९३ मध्ये कॅनडाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्वतःची जागाही हरल्या, त्यांचा तिथला प्रोग्रेसिव्ह कन्झर्वेटिव्ह पक्ष अख्ख्या देशात दोन जागांवर आला. त्यांनी सोडलेली पॉइंट ग्रेची जागा १९८९ च्या पोटनिवडणुकीत एनडीपीने खेचून घेतली होती. म्हणजे सत्ताधारी पक्षाला इथे दणका बसणं नवीन नाही.

एक गोष्ट बाहेरून लक्षात येत नाही. यूबीसीचा भाग व्हँकुव्हर महापालिकेत येतच नाही, तिथल्या लोकांना महापौरासाठी मत नाही, त्यामुळे आमदाराला तिथे आपल्यापेक्षा जास्तच महत्त्व. आणि आधी निवडणूक मे महिन्यात असायची, एप्रिलअखेर परीक्षा संपून हॉस्टेल रिकामं. आता कायद्याने ऑक्टोबरमध्ये असते, म्हणजे पोरं ऐन कॅम्पसवर. एनडीपीला याचा फायदा होतो असं मला वाटतं, तरी एबी मे मधेच जिंकला होता हेही खरं.

तो एबी पुढे २०१७ ला अॅटर्नी जनरल झाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये मुख्यमंत्री, याच जागेवरून. म्हणजे ज्याने मुख्यमंत्री पाडला तोच मुख्यमंत्री. २०२४ ला त्याने पॉइंट ग्रे राखलं, पण सरकार ९३ पैकी ४७ वर, काठावर पास. शेवटची निर्णायक जागा सरे-गिल्डफर्ड, फेरमोजणीनंतर २२ मतांनी. क्लार्कचा जुना पक्ष तोपर्यंत नाव बदलून बीसी युनायटेड झाला होता आणि त्याने निवडणुकीच्या आधीच प्रचार गुंडाळला.